नाशिकमध्ये सोसायटीत, गल्लीत मतदार नोंदणी कशी करून घ्यायची: महापालिकेकडून काय मागायचं आणि आपण काय करायचं

मतदार यादी महापालिका बनवत नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण निम्मा गोंधळ आणि निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. लोकसभा असो, विधानसभा असो की महापालिका, मूळ यादी एकच, ती भारत निवडणूक आयोगाची आणि ती विधानसभा मतदारसंघाप्रमाणे बनते. महापालिकेची निवडणूक लागली की राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेला विधानसभेच्या यादीत जी नावं असतील ती घेतो आणि महापालिकेचे लोक ती प्रभागांमध्ये फोडतात. फोडतात, बस. नवीन नाव त्यात घुसवायचा अधिकार आयुक्तांनाही नाही आणि राज्य आयोगालाही नाही.

१५ जानेवारी २०२६ ला नाशिक महापालिकेचं मतदान झालं तेव्हा १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ज्याने गणपतीत किंवा नवरात्रात नाव नोंदवलं, हातात कोरं करकरीत मतदान कार्डसुद्धा आलं, त्याचं नाव प्रभागाच्या यादीत नव्हतंच, मग केंद्रावर कार्ड नाचवत कितीही वाद घातला तरी उपयोग शून्य. त्याच्या आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची, मार्च २०२२ पासून प्रशासक, त्यामुळे २०१७ ला ज्या पोराला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी पडले त्याला नगरसेवक निवडायची पहिली संधी मिळाली ती सव्विशी ओलांडल्यावर. इतक्या वर्षांनी संधी येणार आणि तीही यादीमुळे जाणार असेल तर मग निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून काहीच होत नाही, काम आधी करायचं असतं.

बरं, मग यादी महापालिकेची नाही तर तिचा संबंध काय? संबंध असा की घराघरात पोचणारी यंत्रणा तिच्याकडेच आहे. घंटागाडी दारात येते, घरपट्टी-पाणीपट्टीची बिलं येतात, जन्म-मृत्यूचा दाखला आणि लग्नाची नोंद विभागीय कार्यालयात होते, आशाताई गल्लीगल्लीत फिरतात. आणि ज्यांना आपण बीएलओ म्हणतो, म्हणजे यादीच्या एकेका भागाचे (एका मतदान केंद्रापुरत्या यादीला भाग म्हणतात) कर्मचारी, तेही शहरात पुष्कळदा शाळांचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, करवसुलीचे लोक आणि ऑफिसातले क्लार्क असेच असतात. म्हणजे यादी जिल्हाधिकारी कार्यालयाची, पण पाय महापालिकेचे. माझं म्हणणं सरळ आहे, नोंदणी वाढते ती होर्डिंगने नाही, माणूस कशाला तरी काउंटरवर आलेला असतो किंवा तुम्ही त्याच्या दारात गेलेले असता तेव्हा विचारल्याने वाढते.

इंग्लंडमध्ये हे काम सरळ तिथल्या काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे असतं. तिथे यादी ठेवणारा अधिकारीच काउन्सिलचा, दरवर्षी प्रत्येक पत्त्याची तपासणी होते, इथे कोण राहतं असं विचारणारं पत्र किंवा ईमेल घरी येतो, आणि काउन्सिल टॅक्सच्या (तिथली घरपट्टीच म्हणा) रेकॉर्डशी नावं ताडून बघतात. २०१४ पासून तिथे प्रत्येकाने स्वतःची नोंदणी स्वतः करायची असा नियम आला, कुटुंबप्रमुखाने सगळ्यांची करायची सोय गेली, आणि मग कॉलेजची पोरं यादीतून सुटायला लागली म्हणून शेफील्डसारख्या युनिव्हर्सिटीने ॲडमिशनच्या ऑनलाइन फॉर्ममध्येच मतदार नोंदणीचा प्रश्न टाकला. (जाता जाता: नाशिकचा जो कोणी तिकडे कायदेशीर राहत असेल त्याने हेही बघावं, भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून तिथे मतदार होऊ शकतात, बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं.) आपल्याकडे कायदा वेगळा, पण घरपट्टीच्या बिलाला धरून आणि ॲडमिशनला धरून विचारायचं ही युक्ती इथे लावायला कोणी अडवलेलं नाही.

आता कामाला लागू.

आधी बघा आपण नेमके कुठे मोडतो

नाशिक शहर चार विधानसभा मतदारसंघांत विभागलंय. पंचवटी आणि आजूबाजूचा भाग नाशिक पूर्व, जुनं नाशिक नाशिक मध्य, सिडको-सातपूर नाशिक पश्चिम. नाशिकरोडचं जरा विचित्र आहे, काही भाग नाशिक पूर्वमध्ये आणि काही देवळालीत, त्यामुळे दोन शेजारच्या कॉलन्यांचे मतदार नोंदणी अधिकारी वेगळे निघू शकतात. महापालिकेचे विभाग मात्र सहा: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक म्हणजे सिडको, सातपूर आणि नाशिकरोड. आता महापालिकेचा 'पूर्व विभाग' आणि 'नाशिक पूर्व विधानसभा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नावं सारखी ठेवून लोकांना का फिरवतात देव जाणे. प्रभाग ३१, नगरसेवक १२२, २९ प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन, पण नोंदणी करताना प्रभाग नंबरचा काही उपयोग नाही, तिथे चालतो तो विधानसभा मतदारसंघ आणि यादीचा भाग क्रमांक.

देवळाली कॅम्पवाल्यांचं अजून वेगळं. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, बोर्डाच्या निवडणुकीची यादी बोर्ड स्वतः बनवतं, त्यामुळे विधानसभेला नाव आहे म्हणून गप्प बसू नका, तिकडचं वेगळं तपासा. भगूरला नगरपरिषद आहे, तिथे विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडली जाते.

शिबिर लावायच्या आधी यादी वाचा

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी बॅनर, मग टेबल, मग लोक येतात आणि विचारतात 'माझं नाव आहे का बघा', आणि दिवस नुसतं शोधण्यात जातो. गावात ग्रामसभेत मतदार यादीचं चावडी वाचन करतात, शहरात ते कोणी करत नाही, तेच सोसायटीत करायचं.

मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र यांच्या वेबसाइटवर जिल्हा, मतदारसंघ आणि भाग क्रमांक टाकला की यादीची पीडीएफ मिळते. भाग क्रमांक माहीत नसेल तर सोसायटीतल्या कोणाही एकाचं कार्ड घ्या, त्यावरचा इपिक नंबर (तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे) आयोगाच्या पोर्टलवर टाका, व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन, तिथे भाग आणि अनुक्रमांक दोन्ही दिसतात. ॲपवरही होतं, आधी व्होटर हेल्पलाइन म्हणायचे, आता ईसीआयनेट. फोनवरच काम करायचं असेल तर १९५०.

ती पीडीएफ प्रिंट काढा आणि सेक्रेटरी, जुने दोन सभासद आणि सगळ्यांची खबर असलेल्या एक काकू (प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतातच) अशा चौघांना घेऊन बसा. एका बाजूला फ्लॅटप्रमाणे राहणाऱ्यांची नावं, दुसऱ्या बाजूला यादी. प्रत्येकापुढे एकच खूण करायची: नाव आहे, नावच नाही, दुसरीकडे आहे, किंवा यादीत आहे पण माणूस आता नाही. ही शेवटची खूण करताना जरा अवघडल्यासारखं होतं, 'अरे, जोशी आजोबांचं नाव अजून आहे' असं कोणी म्हणतं आणि दोन मिनिटं सगळे गप्प, पण तेही काम आहे.

कार्ड हातात असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचताना फार लवकर कळतं. लोक पंधरा वर्षांपूर्वीचं कार्ड कपाटात ठेवून निवांत असतात.

बीएलओला गाठा

आपल्या भागाचा बीएलओ कोण हे त्याच पोर्टलवर किंवा ॲपवर 'नो युवर बीएलओ' मध्ये कळतं, नाही कळलं तर तहसील कचेरीतल्या निवडणूक शाखेत विचारा. फोन करताना एवढं लक्षात ठेवा की समोरच्या बाई दिवसभर शाळा करून आलेल्या असतात आणि हे काम वरचं आहे. आमच्याकडे एका रविवारी टेबल लावायचं होतं तर संभाषण साधारण असं झालं:

"मॅडम, रविवारी सकाळी दोन तास येता का आमच्याकडे? यादी आम्ही तपासून ठेवलीये."

"तपासून ठेवलीये म्हणजे? फ्लॅटवाइज?"

"हो, फ्लॅटवाइज. नवीन किती, शिफ्टिंग किती, सगळं लिहिलंय."

"मग येते. नाहीतर दादा, लोक नुसते बोलावतात आणि तिथे गेल्यावर म्हणतात, मॅडम तुम्हीच दारोदार जा."

आलं ना लक्षात? तयारी दिसली की माणूस येतो.

एक नियम आधीच सांगून ठेवतो: एका माणसाने गठ्ठ्याने आणून दिलेले अर्ज घेत नाहीत. घरातल्या कोणी घरातल्यांचे अर्ज आणले तर चालतं, आणि पक्षांच्या नेमलेल्या बूथ एजंटला एरवी दिवसाला दहा अर्जांची मर्यादा आहे. त्यामुळे 'द्या तुमची कागदं, मी बघतो' असं सांगणाऱ्या कुणाच्याही मागे जाऊ नका. ज्याचा अर्ज त्याने भरायचा, तुम्ही फक्त शेजारी बसायचं.

कोणता फॉर्म, इथेच गाडी अडते

फॉर्म सहा हा फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी. घर बदललं तर फॉर्म आठ. ऑगस्ट २०२२ पासून हे असं आहे, त्याआधी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की पुन्हा फॉर्म सहा भरायचे आणि ती सवय लोकांची अजून गेलेली नाही. सातपूरहून म्हसरूळला राहायला गेलेला माणूस नवा फॉर्म सहा भरतो, सातपूरचं नाव तसंच राहतं, आणि झाला तो दुबार मतदार. महापालिकेच्या २०२६ च्या याद्यांमध्ये अशा संशयित दुबार नावांपुढे दोन स्टार मारले होते, त्यांना कुठे मतदान करणार ते लिहून द्यावं लागत होतं. शिवाय आपलं नाव आधी कुठेच नाही असं खोटं लिहून सही करणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कोणी सहसा एवढं ताणत नाही हे खरं, पण सही करताना माहीत असावं.

फॉर्म आठमध्ये चार कामं होतात: पत्ता बदल, दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाऐवजी नवीन कार्ड, आणि दिव्यांग म्हणून नोंद. एका अर्जात एकच. लग्न झालेल्या मुलीचं आडनावही बदललंय आणि घरही, तर दोन अर्ज. पत्ता बदलला तरी इपिक नंबर तोच राहतो, घाबरू नका.

फॉर्म सात नाव वगळण्यासाठी, मयत माणसाच्या घरच्यांनी मृत्यू दाखल्याची कॉपी लावून भरायचा. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी सहा-अ वेगळा आहे.

वयाचं: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षात चार तारखा आहेत, त्या दिवशी अठरा पूर्ण असले की झालं. सतरा पूर्ण झालेल्यांना आधीच अर्ज टाकता येतो, वय भरलं की त्या तिमाहीला त्यावर काम होतं. बारावीच्या पोरांना हे सांगा, कारण अठराव्या वाढदिवसाला गाडीचं लायसन्स सगळ्यांना आठवतं.

कागदपत्रं आणि भाडेकरूचं दुखणं

जन्मतारखेसाठी यातलं एक: जन्म दाखला, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट किंवा तारीख लिहिलेलं दहावी-बारावीचं सर्टिफिकेट. पत्त्यासाठी यातलं एक:

- वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, कनेक्शन किमान एक वर्षाचं
- आधार (पण त्यावर आत्ताचा पत्ता पाहिजे)
- बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक
- पासपोर्ट
- रजिस्टर्ड भाडेकरार किंवा खरेदीखत
- महसूल खात्याचा जमिनीचा उतारा

बिल आपल्या किंवा आईवडील, नवरा-बायको अशा जवळच्या नातेवाईकाच्या नावावर असलं तरी चालतं. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा, आणि ऑनलाइन भरणार असाल तर आधारला जोडलेला मोबाइल जवळ पाहिजे कारण ई-साइनचा ओटीपी त्यावर येतो. टेबलावर सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. काका खाली आलेत, मोबाइल वर चार्जिंगला, आधारला नंबर जोडलाय तो मुलाचा आणि मुलगा हिंजवडीत, मग मुलाला फोन, तो मीटिंगमध्ये, तोपर्यंत ओटीपी एक्सपायर. अशांसाठी छापील फॉर्म ठेवा आणि सरळ बीएलओकडे द्या, पोच घ्या, विषय संपला.

अंबड आणि सातपूर एमआयडीसीत काम करणाऱ्या, सिडकोत एकेका खोलीत भाड्याने राहणाऱ्या लोकांची अडचण वेगळी आहे. लाइट बिल घरमालकाचं, करार नोटरीचा किंवा तोंडी, आधारवर गावचा पत्ता, मग सुरगाण्याचा असो की बिहारचा. मालक रजिस्टर्ड करार करायला तयार नसतो, त्याला वाटतं मतदार यादीत नाव आलं म्हणजे भाडेकरू घरावर हक्क सांगेल. असं काही होत नाही, मतदार यादीने घराची मालकी मिळत नाही, हे त्याला दोन शेजाऱ्यांसमोर नीट समजावून सांगितलं तर फरक पडतो. व्यवहारात सोपा रस्ता म्हणजे आधी बँकेच्या पासबुकावर इथला पत्ता करून घ्यायचा. तेही जमत नसेल तर अर्जात 'इतर' कागदाचा पर्याय आहे, मग बीएलओ प्रत्यक्ष येऊन बघतो आणि शेजारी काय सांगतात त्यावर बरंच अवलंबून राहतं. गावाकडचं नाव असेल तर फॉर्म आठ, हे पुन्हा सांगतो. आणि ज्याला मतदानाला गावीच जायचंय त्याला आग्रह करू नका, तो त्याचा प्रश्न.

होस्टेलच्या पोरांना निवड आहे, घरच्या पत्त्यावर किंवा होस्टेलच्या, दोन्हीपैकी एकीकडे. होस्टेलवर करायचं तर कॉलेजच्या प्रमुखाचं पत्र लागतं. कॉलेजांमध्ये मतदार साक्षरता मंडळं असतात, कागदावर तरी असतात, त्यांना ॲडमिशनच्या दिवसांत काउंटरशेजारी एक टेबल लावायला सांगा. जून ते ऑगस्टमध्ये केलेला अर्ज १ ऑक्टोबरच्या तारखेला बरोबर बसतो, आणि मार्कशीट, फोटो, आधार सगळं त्या दिवशी पोराच्या फाइलमध्ये असतंच.

गोदाघाटावर, पुलाखाली झोपणाऱ्यांचंही नाव लागू शकतं. पत्त्याचा कागद नसला तरी चालतो, बीएलओने रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघायचं असतं, एकापेक्षा जास्त रात्री. कायद्यात सोय आहे पण कोणी मागे लागल्याशिवाय ती वापरली जात नाही, महापालिकेच्या निवारा केंद्रातल्या माणसाला हाताशी धरलं तर हे जमू शकतं.

टेबल लावायचा दिवस

रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये, दहा ते बारा. आदल्या रात्री ग्रुपवर नुसतं 'उद्या शिबिर आहे' टाकू नका, कोणी येत नाही. वाचनात ज्यांच्यापुढे 'नाव आहे' सोडून दुसरी खूण आहे त्यांनाच नावानिशी मेसेज करा: 'बी-३०२, वहिनी, तुमचं नाव अजून माहेरी आहे, उद्या आधार आणि मॅरेज सर्टिफिकेट घेऊन या.' हा मेसेज वाचून माणूस खाली उतरतो.

दोन टेबलं पुरतात. पहिल्यावर यादी आणि फॉर्म ठरवणं, दुसऱ्यावर भरणं. झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा, घरातला प्रिंटर खाली आणा.

भरताना मराठी नावाचं स्पेलिंग डोळे फाडून तपासा. पोर्टलवर इंग्रजीत टाइप केलं की मराठी आपोआप येतं आणि तिथे घोळ होतो, गांगुर्डेचं गंगुर्दे होतं, आहेरचं अहेर होतं, आणि तसंच छापून येतं. नंतर दुरुस्तीला पुन्हा फॉर्म आठ. घर नंबरच्या रकान्यात फ्लॅट, बिल्डिंग, रस्ता सगळं लिहा, कारण प्रभाग फोडताना पत्त्यावरूनच ठरतं की तुम्ही रस्त्याच्या या बाजूचे की त्या, आणि अर्धवट पत्त्यामुळेच अख्ख्या बिल्डिंग शेजारच्या प्रभागात जाऊन बसतात.

आधारचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर मागवू नका. सांगूनही लोक टाकतात, टाकले की लगेच डिलीट करायला लावा.

राजकीय माणसांचं काय? येऊ दे, पण बॅनर नको. इच्छुक उमेदवाराने नोंदणी करून दिली की लोकांना वाटतं आपण बांधले गेलो, आणि विरोधातले घरीच बसतात. आमच्या भागात एका टेबलाच्या मागे भाऊंचा फोटो होता म्हणून निम्मी बिल्डिंग खाली आली नाही, फोटो काढल्यावर आली.

महापालिकेकडे काय मागायचं

तोंडी मागू नका. विभागीय अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज, आवक-जावकचा शिक्का, आणि कॉपी मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना. मागणी छोटी आणि होण्यासारखी ठेवा. घंटागाडीच्या स्पीकरवर आठवडाभर सूचना, ज्यात तारीख, जागा आणि 'घर बदललं असेल तर फॉर्म आठ' एवढंच असेल. घरपट्टीच्या बिलावर एक ओळ. विवाह नोंदणीच्या काउंटरवर फॉर्म आठचा गठ्ठा, मृत्यू दाखल्याच्या खिडकीवर फॉर्म सातचा. बचत गटाच्या बैठकीत आणि मनपा शाळेच्या पालक सभेत पाच मिनिटं.

यात माझ्या मते सगळ्यात भारी विवाह नोंदणीचा काउंटर आहे. यादीतून सुटणाऱ्यांमध्ये नव्या सुना फार, आणि त्या काउंटरवर नवीन पत्ता, फोटो, ओळखपत्र सगळं एकाच वेळी हातात असतं. मृत्यूच्या नोंदींबद्दल आयोगाने २०२५ मध्ये ठरवलंय की त्या थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घ्यायच्या, तरी घरच्यांनी फॉर्म सात भरलेला बरा.

वेळ कोणती? दरवर्षी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी यादीचं संक्षिप्त पुनरीक्षण होतं, तेव्हा प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते आणि सुट्टीच्या दिवशी बीएलओ केंद्रावर बसतात, त्याला जोडून आपला कार्यक्रम ठेवला तर यंत्रणा आधीच हललेली असते. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो (२०११ पासून), त्या दिवशी शपथ, रॅली, फोटो सगळं होतं, नोंदणीचं टेबल मात्र शोधावं लागतं. आणि एक, २०२७ चा सिंहस्थ जसा जवळ येईल तसे महापालिका आणि महसूल दोन्हीकडचे लोक त्यात अडकणार, त्यामुळे मागणी लवकर टाका.

विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे ते एसआयआर, चालू असेल तर नियम बदलतात. २०२५ ला बिहारमध्ये झालं तेव्हा जुन्या मतदारांनाही बीएलओने दिलेला गणना अर्ज सही करून परत द्यावा लागला होता आणि ज्यांचा आला नाही त्यांची नावं प्रारूप यादीत नव्हती. असा फॉर्म कधी दारात आला तर 'आमचं नाव आहेच की' म्हणून फ्रिजवर ठेवू नका.

अर्ज टाकल्यावर

संदर्भ क्रमांक मिळतो, तो प्रत्येकाचा एका वहीत लिहून ठेवा, स्टेटस पोर्टलवर दिसतं. अर्जावर हरकतीसाठी सात दिवस द्यावे लागतात, मग बीएलओची भेट, मग अधिकाऱ्याचा आदेश. बीएलओ घरी आला आणि कुलूप असलं तर 'राहत नाही' असा शेरा जाऊ शकतो, म्हणून शेजाऱ्याला आणि वॉचमनला सांगून ठेवा. वॉचमनला तर नक्की, 'असं कोणी इथे राहत नाही' हे उत्तर बहुतेक वेळा तोच देतो. मंजूर झालं की कार्ड स्पीड पोस्टाने घरी येतं, पैसे लागत नाहीत.

नामंजूर झालं तर कारण वाचा, पुष्कळदा फोटो किंवा कागद धूसर एवढंच असतं, नवा अर्ज टाकला की काम होतं. अधिकाऱ्याचा निर्णयच चुकीचा वाटत असेल तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही जमलं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस उलटला की यादीला हात लावता येत नाही, आणि तुमच्या अर्जावर प्रक्रिया होण्यासाठी तो त्याच्या किमान दहा दिवस आधी आत गेलेला पाहिजे.

महापालिकेला अजून एक टप्पा असतो, प्रभागाची प्रारूप यादी. ती विभागीय कार्यालयात आणि वेबसाइटवर लागते आणि हरकतीला थोडेच दिवस मिळतात. इथे तीनच गोष्टी दुरुस्त होतात: नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलंय, विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागात आलंच नाही, किंवा लिहिण्यातली चूक. बिल्डिंगच्या बिल्डिंग शेजारच्या प्रभागात गेली असेल तर एकट्याने हरकत घेऊ नका, सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, सगळ्यांचे भाग क्रमांक आणि अनुक्रमांक जोडा, प्रभागाच्या हद्दीच्या नकाशावर बिल्डिंगला गोल करा आणि पोच घेऊन या. मग अंतिम यादी लागली की ती फ्लॅटवाइज वही परत काढून एकदा ताडून बघायची.